कॉमिक्सचं हाताने काढलेलं मूळ पान फ्रेम करायचं आहे, बडोद्यात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या चुलत सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत राहून एका प्रकाशकासाठी कॉमिक्सची चित्रं काढली. काका गेल्यावर त्यांची मूळ पानं आमच्याकडे बडोद्याला आली. छापील अंक नव्हेत, तर जाड कार्डशीटवर काळ्या शाईने काढलेली, अंकातल्या पानाच्या दीडपट मोठी पानं. त्यातली दोन हॉलमध्ये लावायची आहेत. एकावर लढाई आहे, दुसऱ्यावर नदीकाठी एक म्हातारी कोल्ह्याला दटावते आहे. घरात लढाईला मत फक्त मुलाचं, बाकी सगळे म्हातारीच्या बाजूचे.

अडलंय ते फ्रेमवाल्यांपाशी. ज्या ज्या दुकानात विचारलं तिथे उत्तर एकच: "बेन, कडा कापून प्लायवर चिकटवून देतो, वरून लॅमिनेशन. पन्नास वर्षं बघायला नको." वर "हे डागही साफ करून देतो" अशी प्रेमळ ऑफर.

आता हे डाग म्हणजे काय ते ऐका. समासात पानाचा नंबर आहे, छापखान्यासाठी मापं आहेत, कुणाची तरी लाल सही आहे. चित्रभर निळ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. तेव्हाच्या छपाईच्या कॅमेऱ्याची फिल्म फिका निळा रंग पांढऱ्यासारखाच धरायची, म्हणून निळ्यात केलेलं कच्चं काम पुसायची गरजच नसे. त्यामुळे म्हातारीचा उगारलेला हात शाईत एकच असला तरी निळ्यात आधीचे सगळे हात दिसतात. एक कमरेवर, एक नुसताच बोट दाखवणारा. कोल्ह्याच्या शेपटीवर पांढऱ्या पोस्टर कलरने दुरुस्ती केली आहे, तिचे पोपडे सुटायला लागलेत. आणि संवादांचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले आहेत. एका फुग्याचा कोपरा उचलला गेलाय आणि त्या मराठीच्या खालून चक्क गुजराती डोकावतंय! मला हे सगळं जसंच्या तसं भिंतीवर हवं आहे. गुळगुळीत म्हातारी हवी असती तर अंकातलं पान कापून लावलं असतं.

घराचीही अडचण आहे. आम्ही नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं होतं (पानं माळ्यावर होती, म्हणून बचावली). तेव्हापासून हॉलच्या बाहेरच्या भिंतीला लोणा आहे, रंग दिला तरी पापुद्रे निघतात. समोरच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं. उरली ती मधली भिंत, तर तिच्यासमोर झोपाळा. बडोद्याच्या घरात झोपाळा हलवायची गोष्ट कुणापुढे काढायची सोय नाही.

तर जाणकारांनी सांगावं: न कापता, न चिकटवता पान फ्रेममध्ये बसवतात कसं? काच की अ‍ॅक्रिलिक? सुटलेल्या फुग्याचं काय करू? आणि मुळात अशी पानं भिंतीवर लावावीत का?

प्रतिसाद (पुण्याहून)

ताई, चिकटवणं आणि लॅमिनेशन, दोन्हींना ठाम नाही म्हणा. एकदा केलं की परत फिरता येत नाही. फ्रेमिंगची साधी कसोटी आहे: उद्या पान बाहेर काढलं तर ते आत गेलं तसंच बाहेर यायला हवं.

तुम्हाला कडांसकट पान दाखवायचंय, तेव्हा त्याला तरंगतं बसवा. मागे अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्ड, शक्यतो सुती लगद्याचा. पानाच्या फक्त वरच्या कडेला, पाठीमागून, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या लावायच्या, त्याही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. ही खळ पाण्याने सुटते. फेविकॉल नको, सेलोटेप तर नकोच. बाकी पान मोकळं राहिलं पाहिजे, कारण पावसाळ्यात कागद फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो. चारी बाजूंनी जखडलात तर लाटा पडतील. जुन्या फोटोंभोवती तपकिरी चौकट उमटलेली पाहिली असेल ना? ती स्वस्त माउंटमधल्या आम्लाची करणी. पाठीला प्लाय किंवा हार्डबोर्ड लावला तरी हेच होतं. त्याऐवजी अ‍ॅसिड-फ्री फोमबोर्ड लावा.

काच पानाला टेकता कामा नये. मध्ये पट्टी घालून फट ठेवायला सांगा, नाहीतर दमट हवेत पान काचेला चिकटतं आणि बुरशी धरते.

फुगा घरी चिकटवू नका. तो ज्या रबर सोल्युशनने लावला असेल तेच कागद पिवळा करत असतं. पूर्ण सुटलाच तर वेगळ्या अ‍ॅसिड-फ्री पाकिटात ठेवा आणि तो कुठला हे पाकिटावर पेन्सिलीने लिहा. नीट काम करून घ्यायचं तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. पोपडेही त्यांनाच दाखवा.

प्रतिसाद (इंदूरहून)

माझं मत जरा कडू लागेल. तळमजला, लोणा, नदी... आणि तुम्ही मूळ पान भिंतीवर लावणार? ६०० डीपीआयवर स्कॅन करा, चांगल्या मॅट कागदावर मूळ मापात प्रिंट काढा आणि ती लावा. मूळ पान पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून वरच्या मजल्यावर, आडवं. पीव्हीसीचे फोल्डर वापरू नका, वास येतो ते. आमच्याकडे दिवाळी अंकातली व्यंगचित्रं अशीच ठेवली आहेत. पाहुण्यांना फरक कळत नाही.

धागाकर्ती

दादा, पाहुण्यांना नसेल कळत, पण मला कळेल. स्कॅन करून पाहिला. निळ्या रेघा येतात, पण पांढऱ्या रंगाचा उंचवटा येत नाही, आणि उचललेल्या फुग्याखालची सावली तर अजिबात नाही. तरी पुराचा मुद्दा बिनतोड आहे.

प्रतिसाद (पुण्याहून)

दोन्ही करा की. वर्षातले काही महिने मूळ पान, बाकी वेळ प्रिंट, फ्रेम तीच. जूनच्या आधी मूळ पान उतरवून वर ठेवायचं, दिवाळीला पुन्हा लावायचं. प्रकाशाचं नुकसानही वाटून जातं. काळी इंडियन इंक कार्बनची असते, ती उडत नाही. पण लाल सही आणि कागद दोन्ही उन्हाला भितात. संग्रहालयात कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सच उजेड देतात, म्हणजे आपल्या हॉलच्या मानाने अंधारच. उन्हाची भिंत बाद. लोणा आलेली त्याहून बाद, लोण्यातले क्षार हवेतला ओलावा ओढत राहतात.

प्रतिसाद (बडोद्याचाच)

वहिनी, फ्रेमवाल्याला "कॉमिक्स" म्हणूच नका, तो लहान मुलांचं पोस्टर समजतो. इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये ग्राफिक आर्ट्सच्या मुलांना विचारा, ती आपली छापाचित्रं कुठे फ्रेम करतात ते. तिथला कारागीर कडा न कापता कागद तरंगता बसवायला सरावलेला असतो. एचिंगच्या कागदाच्या कडा कुणी कापू देत नाही. बोर्ड आपला घेऊन जा आणि काम समोर उभं राहून करून घ्या. फ्रेमच्या पाठीला खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावायला सांगा, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. कसर आणि पाली दोन्हींसाठी पाठ कागदाने बंद करून घ्या.

धागाकर्ती

मधली भिंत ठरली. झोपाळ्याच्या हेलकाव्याच्या वर, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. आता एकच राहिलं: झोपाळा आणि मुलगा दोन्ही बघता काच नको वाटते. दोन्ही फ्रेमना अ‍ॅक्रिलिक चालेल ना?

प्रतिसाद (पुण्याहून)

लढाईला चालेल, अतिनील किरण अडवणारं घ्या. म्हातारीला नको. अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती सुटे कण ओढते. शेपटीचे पोपडे तिकडे जाऊन बसतील. तिला पोपडे पक्के होईपर्यंत काच, तीही फट जास्त ठेवून, आणि फ्रेम झोपाळ्यापासून लांबच्या टोकाला. अ‍ॅक्रिलिक पुसायला ओलसर मऊ फडकं वापरा, कोरड्याने चरे पडतात. फवारा थेट फ्रेमवर मारू नका, पाणी कडेने आत जातं.