हिंदीसक्तीला ओरडणारे आपण, आणि गोंडी-कोरकू

वैनगंगाकाठी:
परवा एक पोस्ट वाचली. 'आदिवासींनी आपली बोली घरात बोलावी, शाळेत कशाला? प्रगती मराठी-इंग्रजीनेच होते.' खाली वाहवा करणारे बरेचसे २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून पेटले होते. मीही होतो. सहा वर्षांच्या पोरावर परकी भाषा लादू नका, हाच ना आपला मुद्दा? मग गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या गोंड पोराला पहिलीत मराठी परकी नाही वाटत?

धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा काढली. तिला अनधिकृत म्हणून नोटीस! राज्यघटनेचं ३५० अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यायची सोय करा म्हणतं. २०११ च्या जनगणनेत भिलीवाले कोटीच्या वर, गोंडीवाले तीस लाखांच्या घरात, संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारही नाहीत. घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, यातली कोण आहे, सांगा बरं.

पेठेतला:
संस्कृतला टपली मारल्याशिवाय घास उतरत नाही का? बरं, शाळा काढा. कुठल्या गोंडीत? भामरागडची माडिया आणि आदिलाबादची गोंडी एकच का? लिपी कोणती? शिक्षक कुठून आणणार?

वैनगंगाकाठी:
प्रमाण मराठी ठरवताना आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीला विचारलं होतं? भाषावार प्रांतरचनेत तेलुगूला राज्य मिळालं, मराठीला मिळालं. गोंडी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणात विखुरली, सगळीकडे पाहुणी. आणि आता तिलाच विचारा, बाई तू एकसारखी का नाहीस!

नाना धुळेकर:
आदिवासींचं राहू द्या, आमच्या अहिराणीला तुम्ही लोक 'ग्रामीण मराठी' म्हणता त्याचं काय? जनगणनेत ती 'खानदेशी' म्हणून वेगळी मोजतात, अठरा लाखांच्या वर. बहिणाबाईंची भाषा म्हणून भाषणात टाळ्या घ्यायच्या आणि पोरगं वर्गात 'काय करी ऱ्हायना' म्हणालं की हसायचं.

तापीकाठ:
नाना, बहिणाबाईंची लेवा गणबोली. अहिराणी नव्हे.

नाना धुळेकर:
आली वाटणी करायला! पन्नास वर्षं खानदेशात काढली, मला शिकवू नका.

तापीकाठ:
मी जन्म काढलाय. यावल-रावेरकडे आमच्या आजीला कोणी अहिराणी म्हटलं असतं तर लाटणं फेकलं असतं तिने.

पेठेतला:
बघा! दोन शेजारी एकमेकांची बोली मान्य करेनात आणि शासनाने करावी म्हणे.

वैनगंगाकाठी:
धागा भरकटतोय. नाना, वेगळा काढा.

निवृत्त बाई:
मेळघाटात एका आश्रमशाळेत मी नऊ वर्षं होते. पहिलीतला एक मुलगा. पाण्याचं चित्र दाखवलं की 'डा' म्हणायचा. मी म्हणायची, चूक, 'पाणी' म्हण. दिवाळीपर्यंत तो बोलायचाच थांबला. शेऱ्यात मी 'मंद' लिहिलं. पुढे स्वयंपाकीण मावशी हसत म्हणाल्या, बाई, कोरकूत डा म्हणजेच पाणी. तो शेरा मला खोडता आला नाही, रजिस्टर वरच्या ऑफिसात गेलं होतं.

पेठेतला:
हे वाईट झालं. पण बाई, एका शेऱ्यावरून धोरण ठरत नाही.

वैनगंगाकाठी:
कशावरून ठरतं मग? तुमच्या आमच्या पोस्टींवरून?

धारणीचा:
मी कोरकू. बाईंचं पटलं. बाकी सगळ्यांना एक विचारतो. माझ्या मुलीशी मी घरात हिंदी बोलतो, कारण अमरावतीला होस्टेलवर मी 'कोरकू' म्हटलं की खोली हसायची. संताली २००३ च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत गेली. कोरकू तिचीच नातलग, आम्ही सात लाख आहोत, आम्हाला कोण विचारतो? पण अनुसूचीत गेल्याने मुलीला काय मिळेल, तेही मला कळत नाही. वैनगंगाकाठी, तुमची पोरं कुठल्या माध्यमात?

वैनगंगाकाठी:
इंग्रजी.

धारणीचा:
वाटलंच.

पेठेतला:
चला, मोहगावची नोटीस चूक होती एवढं मान्य. ग्रामसभेने स्वतःच्या हिमतीवर चालवलेली शाळा बंद करून सरकारला काय साधायचं होतं, देव जाणे. संस्कृतवरचं मात्र मागे घ्या.

वैनगंगाकाठी:
उपकार झाले. आकडा जनगणनेचा आहे, मी कसा मागे घेऊ?

नाना धुळेकर:
ते सगळं ठीक. पण लेवा गणबोली अहिराणीपेक्षा वेगळी कशी, हे अजून कोणी सांगितलं नाही.