मदत हवी आहे: पाच स्टार देऊ की आहे तसं राहू देऊ?
मंडळी, सल्ला हवाय. ऑनलाइन पितळी समई मागवली. आली तर वरची वाटी एका बाजूने चेपलेली. पॅकिंग म्हणजे नुसता वर्तमानपत्राचा कागद! मी फोटो टाकून दोन स्टार दिले. संध्याकाळी विक्रेत्याचा फोन: "ताई, छोटा धंदा आहे, पाच स्टार करा, लगेच १५० रुपये पाठवतो." माणूस बोलायला साधा, जरा वाईटच वाटलं. पण पैसे घेऊन स्टार वाढवायचे? भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) २०२२ चं ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानकही (आयएस १९०००) विकतच्या रिव्ह्यूंच्या विरोधातच आहे. आधी त्याला मेसेज करायला हवा होता का? आणि उद्या समई बदलून दिलीच, तर रिव्ह्यू काढून टाकायचा की खाली 'बदलून मिळाली' एवढंच लिहायचं? तुम्ही काय करता?