पाळीव दगड: मुलांना द्यावा का, आणि दिला तर शिकवायचा कसा?

सह्यकडा:
भाचीला कुत्रा हवा होता. घरात दम्याचा त्रास आहे, त्यामुळे कुत्रा येणार नाही हे पक्कं. म्हणून तिने नदीवरचा एक गुळगुळीत गोटा पाळायला घेतलाय. तिच्या आईला हे खूळ वाटतं. माझं म्हणणं, पाळू द्या, आणि त्याला नीट शिकवायलाही मदत करा.

हे खूळ जुनं आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसमध्ये गॅरी डाल हा जाहिरातवाला बारमध्ये बसला होता. मित्रमंडळी कुत्र्यामांजरांच्या कटकटी सांगत होती, तेव्हा याला सुचलं की पाळायला दगडच बरा. मग त्याने मेक्सिकोतल्या रोसारितो किनाऱ्यावरचे गोटे, हवेसाठी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत भुसा आणि सोबत ३२ पानी पुस्तिका असा संच सुमारे ४ डॉलरला विकायला काढला. काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त खपले.

सगळी मजा त्या पुस्तिकेत आहे. 'बस' आणि 'थांब' दगड लगेच शिकतो. 'लोळ' म्हटलं की मालकाने जरा हात लावायचा. 'ये' मात्र कधीच जमत नाही. खोक्यातून काढल्यावर दगड बावरलेला दिसला तर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा, कागद कशासाठी आहे ते त्याला आपोआप कळतं! आणि 'छू'? लुटारूने गाठलं की पैसे काढतोय असं दाखवून खिशातून दगड काढायचा, 'छू' म्हणायचं आणि त्याच्या टाळक्यात हाणायचा.

मी भाचीला दिलेला सल्ला असा: मुठीत मावेल आणि बुडाशी सपाट असेल असा दगड निवड, म्हणजे 'बस' शोभून दिसतं. रोज एकाच वेळेला सराव घे. आज्ञा एकदाच द्यायची, आवाज न चढवता. 'लोळ' शिकवताना आधी उशीच्या उतारावर, फरशीवर नंतर. आणि मोठ्यांनी हे सगळं गंभीर चेहऱ्याने पाहायचं. मूल हसलं तरी आपण हसायचं नाही, खेळ तिथेच मोडतो.

मीठमिरची:
साफ असहमत. गोटा डालला एका सेंटला पडत होता, खरा खर्च होता खोक्याचा. पुस्तिका तर त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या छपाईला जोडून जवळजवळ फुकटात छापून घेतली. पुढे त्याच्याच भांडवलदारांनी नफ्याच्या वाट्यावरून त्याला कोर्टात खेचलं आणि ते जिंकले. असल्या फसव्या धंद्याचं आपण कौतुक का करायचं?

पण माझा खरा आक्षेप मुलांबद्दल आहे. प्राणी पाळला की मूल शिकतं ते त्याच्या भुकेमुळे. दूध द्यायला विसरलो तर मांजर दाराशी ओरडतं, मान फिरवून बसतं. दगड आठवडाभर विसरलात तरी त्याचं काही बिघडत नाही. जिथे चुकीची किंमतच मोजावी लागत नाही, तिथे जबाबदारी कुठून येणार?

तिसरी घंटा:
मीठमिरची, फसवणूक म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणं. इथे खोक्यात दगड आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होतं. लोकांनी ४ डॉलर मोजले ते बत्तीस पानांच्या विनोदासाठी, आणि विनोद लिहायलाही कसब लागतं. याच डालने २००० साली कादंबरीचं सर्वांत वाईट पहिलं वाक्य लिहिण्याची इंग्रजी स्पर्धा जिंकली होती. मुद्दाम वाईट लिहायचं तरी भाषा हातात असावी लागते.

आणि हे खूळ १९७६ उजाडता उजाडता ओसरलं असलं, तरी दगड पाळणं संपलेलं नाही. दक्षिण कोरियात एकटी राहणारी, कामाने पिचलेली तरुण मुलं अलीकडे घरी दगड पाळतात, त्याच्याशी बोलतात. तिथे सुंदर दगड जपण्याची सुसॉक नावाची जुनी परंपराही आहे. त्यांना मी हसणार नाही. दिवसभर सगळे काही ना काही मागत असतात, घरी एक तरी असा असावा जो काही मागत नाही.

परडी:
कोरियात कशाला जायचं? शाळिग्रामाला आपण रोज स्नान घालतो, तुळस वाहतो, नैवेद्य दाखवतो. दगडाशी नातं आपल्याला नवीन आहे का?

मीठमिरची:
परडीताई, ही तुलना नको. शाळिग्रामाला कोणी 'बस', 'लोळ' म्हणत नाही. तिथे हुकूम त्याचा चालतो, आपण ऐकणारे. आणि तिसरी घंटा, पिचलेल्या मुलांना काही न मागणारा सोबती हवा असतो हे मान्य. भाची लहान आहे. तिला मागणारा हवा.

खोरं:
दोन्ही बाजूंचं वाचलं, पण दगड येतो कुठून हे कोणीच विचारत नाही. नदीतला गोटा गुळगुळीत होतो तो वर्षानुवर्षं पाण्यात घासून घासून. डालसारखे लाखांनी उचलले तर किनाऱ्याचं काय होईल? इटलीच्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले नेले तर ५०० ते ३००० युरो दंड आहे, आणि तो वसूलही करतात. भाचीने एक घेतला, ठीक आहे. पण वर्गातल्या सगळ्यांना वाटायला पिशवी भरून आणू नका. आणि ट्रेकला गेलात तर गडावरचा चिरा आठवण म्हणून मुळीच उचलू नका.

परडी:
खोरं यांना +१. सह्यकडा, एक शंका: दगडाला ते हलणारे डोळे चिकटवावेत का? दुकानात मिळतात.

सह्यकडा:
खोरं, एकच आणलाय, दुसरा येणार नाही. मीठमिरची, दगडाने जबाबदारी शिकवता येत नाही हे मान्य, त्यासाठी कुंडीतली तुळस आहे आणि तिला पाणी भाचीच घालते. दगडाने वेगळं काही येतं. समोरून काहीच उत्तर येत नसताना खेळ चालू ठेवायचा, नियम आपणच करायचे आणि आपणच पाळायचे. 'ये' म्हटल्यावर तो येत नाही, तरी तिने चिडायचं नाही असं ठरलंय. मोबाइलवर दर सेकंदाला काहीतरी हलत असताना हे शिकणं मला फार मोलाचं वाटतं.

परडी, डोळे नकोत. डालच्या दगडालाही नव्हते. डोळे लावले की चेहरा ठरून जातो. तसाच ठेवला तर आज तो रुसलेला असतो, उद्या झोपाळू.

मीठमिरची:
डोळे नकोत, सहमत. बाकी मत कायम. सोसायटीच्या मांजरांसाठी जिन्याखाली पाण्याची वाटी ठेवा आणि ती भरायचं काम भाचीला द्या. मांजर घरात येत नाही, त्यामुळे दम्याचाही प्रश्न नाही. दगड खिशात घेऊन गेली तरी माझी हरकत नाही.