'एक्युमेनिकल' प्रार्थनेला मराठी सूचनेत काय म्हणावं?

नेरूळ_पूर्व: १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. त्यातल्या एका संध्याकाळी वाशीत चार-पाच चर्चची मिळून प्रार्थना आहे. इंग्रजी पत्रकात 'एक्युमेनिकल' छापलंय. मराठीसाठी 'सर्वधर्मीय प्रार्थनासभा', 'सर्वपंथीय', 'आंतरचर्चीय' असे पर्याय आलेत. कोणता चालेल?

कोपरीकर: पहिला तर ताबडतोब काढा. 'सर्वधर्मीय' वाचलं की मौलाना, ग्रंथी, पुरोहित मंचावर असणार असंच कुणालाही वाटेल. ती सभा वेगळी. इथे येणारे सगळे एकाच धर्माचे आहेत. आणि 'प्रार्थनासभा' हा शब्दही टाळा. मुंबईच्या वर्तमानपत्रांत तो शोकसभेच्या जाहिरातीत छापतात. फलक वाचून लोक विचारतील, कोण गेलं?

चेंदणी: मूळ ग्रीक 'ओइकुमेने' म्हणजे वसलेली पृथ्वी, माणसांची वस्ती असलेलं जग. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात रोमन सम्राट ऑगस्तचा हुकूम 'सर्व जगाची' नोंद करा असा आहे, तिथे हाच शब्द येतो. पुढे सगळीकडच्या बिशपांच्या परिषदेला हे विशेषण लागलं. नायसियाची परिषद (३२५) पहिली. ग्रीक-रशियन परंपरेचे ऑर्थोडॉक्स अशा सातच परिषदा मानतात, कॅथलिक मोजणीत दुसरी व्हॅटिकन एकविसावी. तिथे मराठीत 'सार्वत्रिक' किंवा 'विश्वपरिषद' बरोबर बसतं. पण वेगवेगळ्या चर्चनी जवळ येण्याची चळवळ हा विसाव्या शतकातला अर्थ. त्याला 'सार्वत्रिक प्रार्थना' म्हणालात तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

ऐरोली_वाचक: 'सर्वपंथीय' ठीक वाटतो, पण आधी निमंत्रितांची यादी तपासा. नवी मुंबईत मल्याळी चर्चमुळे हमखास घोळ होतो. सिरो-मलबार हा वेगळा पंथ नाही. ते रोमशी जोडलेले कॅथलिकच आहेत, फक्त उपासनाविधी पौरस्त्य. त्यांचा कल्याणचा धर्मप्रांत (एपार्की) १९८८ साली स्थापन झाला. सिरो-मलंकारा १९३० पासून रोमसोबत. याउलट मलंकारा ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा ही खरोखर वेगळी चर्चेस. पत्रकात 'लॅटिन कॅथलिक, सिरो-मलबार आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असे तीन पंथ' असं लिहिलंत तर पहिली दोन नावं वाचूनच लोक हसतील. त्यांच्यासाठी 'विधी' किंवा 'परंपरा' म्हणा.

घोडबंदरकर: माझा आक्षेप 'ऐक्य'लाही आहे. हा शब्द फार मोठं आश्वासन देतो. चर्चेसनी जवळ येण्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीला आपला शब्द हवा. एकत्र प्रार्थना ही सगळ्यात पहिली पायरी. मग सहकार्य: नागपूरची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया हे उदाहरण, तिच्यात प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स आहेत, कॅथलिक सदस्य नाहीत. त्यापुढे पूर्ण सहभागिता, म्हणजे एकमेकांचं प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा संस्कार) आणि सेवकदीक्षा (पाळकांची दीक्षा) मान्य, पण कारभार वेगळा. सीएनआय, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) आणि मार थोमा यांचं नातं असं आहे. शेवटी विलीनीकरण. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस विरून सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं संयुक्त चर्च आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणून आजही मेथडिस्ट चर्च वेगळं दिसतं. वाशीतली संध्याकाळ पहिल्या पायरीवरची. सप्ताहाचं नाव 'ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह' असं लिहा, कार्यक्रमाला 'संयुक्त प्रार्थना' म्हणा. 'साठी' गाळू नका, सगळा भार त्याच्यावर आहे.

नेरूळ_पूर्व: पटलं. 'संयुक्त ख्रिस्ती प्रार्थना' करतो. आत क्रमपत्रिकेत काय सांभाळायचं?

चेंदणी: बरंच. प्रभूची प्रार्थना पूर्ण छापा. प्रोटेस्टंट लोक 'राज्य, सामर्थ्य व गौरव' या ओळीपर्यंत सलग जातात, कॅथलिक 'वाइटापासून सोडव' या विनंतीवर थांबतात. कागदावर नसेल तर निम्मी सभा गप्प आणि निम्मी चालू. मराठी पाठांतही 'पित्या' आणि 'बापा' असे भेद आहेत, म्हणून एकच पाठ ठरवून छापायचा.

विश्वासांगीकार (क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली) घेणार असाल तर दोन जागा नाजूक. 'पवित्र कॅथलिक मंडळी' वाचताना प्रोटेस्टंट अडखळतात, त्यांच्या पाठात 'सार्वत्रिक' असतं. आणि पवित्र आत्मा 'पिता व पुत्र यांपासून' निघतो, यातलं 'व पुत्र' ऑर्थोडॉक्स म्हणत नाहीत. ३८१ च्या परिषदेच्या मूळ ग्रीक पाठात ते शब्द नाहीत. तोच पाठ घेतला की वादाला जागा उरत नाही.

कोपरीकर: गीतांचे नुसते क्रमांक देऊ नका. प्रत्येकाचं गीतपुस्तक वेगळं, क्रमांक जुळणार नाहीत. शब्द छापा. 'मिस्सा' (कॅथलिकांचं प्रभुभोजन) आणि 'प्रभुभोजन' दोन्ही क्रमपत्रिकेत नकोत, कारण कॅथलिक नियमसंहितेचं कलम ८४४ हा संस्कार इतर चर्चच्या लोकांसोबत घ्यायला फार मोजक्या परिस्थितीत परवानगी देतं आणि संयुक्त प्रार्थनेचा प्रसंग त्यात बसत नाही. 'वचनाची उपासना' लिहा. मान्यवरांसाठी 'धर्मगुरू व पाळक' असे दोन्ही शब्द ठेवा. एकटा 'धर्मगुरू' कॅथलिक वाटतो, एकटा 'पाळक' प्रोटेस्टंट. स्थळाच्या ओळीत 'चर्च' पुरे. ठाणे-वसईकडचे जुने कॅथलिक 'देऊळ' म्हणतात, बोलण्यात ते गोडच आहे, पण फलकावर वाशीचा रिक्षावाला भलत्याच देवळात सोडेल.

ऐरोली_वाचक: 'मंडळी'बद्दल एक. प्रोटेस्टंट मराठीत 'मंडळी' म्हणजे चर्च, अनेकवचन 'मंडळ्या'. इतर मराठी वाचकाला 'सहभागी मंडळी' म्हणजे आलेले लोक वाटतील. 'सहभागी चर्चेस' लिहिलं की प्रश्न मिटला.

नेरूळ_पूर्व: जाता जाता: कॅथलिक आणि सीएनआय जोडप्याच्या लग्नाला 'आंतरधर्मीय' म्हणतात ते चूकच ना?

घोडबंदरकर: चूक, आणि कागदोपत्री महागात पडणारी. बाप्तिस्मा झालेल्या दोघांच्या अशा लग्नाला कॅथलिक बाजूने 'परवानगी' लागते. ती घेतली नाही तर नियमभंग होतो, पण तेवढ्याने लग्न रद्द ठरत नाही. एकाचा बाप्तिस्माच झालेला नसेल तर 'सूट' लागते, आणि तिच्याशिवाय ते लग्न चर्चच्या दृष्टीने अवैध. अर्जावर चुकून 'आंतरधर्मीय' लिहिलं तर दुसराच कागद तयार होतो. 'आंतरपंथीय विवाह' लिहा आणि सीएनआयचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडा.

कोपरीकर: आणि दानपेटी फिरणार असेल तर पैसे कुठे जाणार ते क्रमपत्रिकेतच छापा. यजमान चर्चच्या खात्यात मुकाट्याने जमा झाले की पुढच्या जानेवारीत बाकीचे येत नाहीत.