चितमपल्लींनी खान्देशाला काय दिलं?

चोपड्याचा मास्तर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'मारुती चितमपल्लींचं सगळं लिखाण विदर्भातल्या नवेगावबांध नि मेळघाटच्या जंगलांचं. खान्देशाला काय दिलं? त्यांचे काकागार, सारंगागार हे शब्द बोलतं तरी कोण?' वाचून झोप उडाली. ३६ वर्षं वनखात्यात काढलेला माणूस बदली होईल तिथलंच लिहिणार ना? आणि बोलतं कोण म्हणाल, तर माझी चौथीची पोरं. संध्याकाळी पिंपळावर जमणारे कावळे दाखवून मी 'काकागार' सांगितलं, बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'. दुसऱ्या दिवशी एक पोरगी पळत आली, 'सर, आमच्या खळ्यामागच्या चिंचेवर सारंगागार आहे!' जाऊन पाहिलं तर काटक्यांची वीसेक घरटी, खाली पाचोळा पांढराफटक. त्याआधी त्या झाडाबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती.

तळोदेकर: मास्तर, शब्दांनी जंगल वाचत नाही. रानपिंगळा घ्या, लहानसं घुबडच ते. १८८४ नंतर पक्की नोंद नाही, संपला असंच लोक धरून चालले. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ सापडला, तोही अमेरिकेहून आलेल्या पक्षितज्ज्ञांना! आपले मराठी लेखक तेव्हा कुठे होते?

यावलचा रानगडी: 'सापडला' म्हणू नका. आम्ही पावरा आदिवासी. माझ्या आजोबांनी भर दिवसा सागाच्या उघड्या फांदीवर बसून सरडे धरणारा पिंगळा जन्मभर पाहिला. त्यांना कुणी विचारलंच नाही.

तळोदेकर: साधा पिंगळाही दिवसा दिसतो. त्याच्या डोक्यावर ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. आजोबांनी डोकं बघितलं होतं का?

यावलचा रानगडी: आजोबांवर घसरायचं काम नाही! साहेबांच्या ज्या नोंदींवर तुमचा एवढा विश्वास, त्यातली मायनर्ट्झहागेन या इंग्रज पक्षितज्ज्ञाची रानपिंगळ्याची १९१४ ची नोंद खोटी निघाली. दुसऱ्याने गोळा केलेला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. साहेबाचं खोटं कित्येक वर्षं चाललं, आणि आमच्या म्हाताऱ्याला पुरावा मागता?

चोपड्याचा मास्तर: अहो, चितमपल्ली हेच तर करायचे. पाड्यावर बसून विचारायचे, शब्द टिपून घ्यायचे.

धुळ्याची ताई: भांडू नका रे. २०२५ ची पद्मश्रीची यादी आठवा. चितमपल्ली त्यात होते नि साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं जंगल राखणारे चैत्राम पवारही. त्याच वर्षी जूनमध्ये चितमपल्ली गेले. माझी खंत वेगळीच आहे. आमची आजी कावळ्याला 'कावया' म्हणायची, आणखी कितीतरी पाखरांची अहिराणी नावं तिच्या तोंडी होती. मी एकही लिहून घेतलं नाही. ती गेली, नावंही गेली. यात चितमपल्लींचा काय दोष? माझ्या घरात वही होती.

तळोदेकर: ताई, हे लागलं. बरं, शब्दांचं मानलं. ठिपक्यांचं मात्र मी सोडणार नाही.

यावलचा रानगडी: सोडू नका. रविवारी पाड्यावर या. आजोबा नाहीत, काका आहेत. दुर्बीण घेऊन या, आणि ताई, तुम्ही वही आणा.