मदत हवी आहे: मुलाचा फॉर्टी ४.४८ धरायचा की ४.७१? (अमेरिकन फुटबॉल, वाइड रिसीव्हर, टेक्सास)

फ्रिस्कोकर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. मुलगा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) आहे. एका कॅम्पात त्याचा फॉर्टी (४० यार्ड धावण्याची वेळ) ४.४८ सेकंद लागला, तो आम्ही लगेच प्रोफाइलवर टाकला. परवा दुसरीकडे ४.७१ आला. तेव्हापासून पोरगा घरात धड बोलत नाहीये. शनिवारी एका विद्यापीठाचा कॅम्प आहे आणि त्याच्या फॉर्मवर वेळ विचारलीय. कोणता आकडा लिहू? आणि ४.७१ खरा असेल तर डिव्हिजन वनचा (कॉलेज खेळाच्या सर्वात वरच्या स्तराचा) नाद सोडायचा का? "आधी अभ्यास" हा सल्ला कृपया नको, मार्क उत्तम आहेत. फॉर्म आज रात्री भरायचाय.

निशा_ह्यूस्टन
दोन्ही वेळा मोजल्या कशा? हातातल्या स्टॉपवॉचवर की लेझरवर? मुलगा कितवीत आहे, उंची-वजन किती, ट्रॅकवर १०० मीटर धावतो का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

लाँगहॉर्न_पुणेकर
४.७१ असेल तर मोठ्या कॉन्फरन्सेस (विद्यापीठांच्या मोठ्या लीग) विसरा. स्पष्ट बोलतोय, राग मानू नका. आमच्या टेक्सास विद्यापीठाच्या झेव्हियर वर्दीने २०२४ च्या कम्बाइनमध्ये (व्यावसायिक लीग एनएफएलची निवडीआधीची चाचणी) ४.२१ मारला, तो तिथला विक्रम आहे. असा वेग असला की डिफेन्स आपोआप दहा यार्ड मागे सरकतो. रूट (पास घेण्यासाठी धावायच्या ठरलेल्या वाटा) शिकवता येतात, वेग शिकवता येत नाही.

कोलंबसकर
पूर्ण असहमत. जॉन रॉसने २०१७ मध्ये ४.२२ मारला, एनएफएलच्या निवडीत नववा निवडला गेला आणि पहिल्या सीझनमध्ये एकही कॅच नाही! उलट आमच्या ओहायो स्टेटचा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा पाहा. २०२३ च्या कम्बाइनमध्ये तो फॉर्टी धावलाच नाही. पण झटपट वळण्याच्या चाचण्यांत थ्री-कोन ६.५७ आणि शटल ३.९३. वळताना त्याच्याइतका कुणी झटकन थांबत नाही. युटाविरुद्धच्या रोझ बोलमध्ये ३४७ यार्ड काढले त्याने. आणि फ्रिस्कोकर, तो तुमच्या जवळच्या रॉकवॉलचाच.

लाँगहॉर्न_पुणेकर
तो फाइव्ह स्टार (सर्वात वरच्या मानांकनाचा) होता हो! शाळेत असतानाच सगळा देश त्याच्या मागे लागला होता. आणि रॉस दुखापतींमुळे मागे पडला, वेगामुळे नाही. अपवाद दाखवून नियम मोडत नाही.

फ्रिस्कोकर
निशाताई, मुलगा ज्युनियर आहे. सहा फूट एक इंच, १७६ पाउंड. ४.४८ कॅम्पच्या कोचने घड्याळावर मोजला, ४.७१ लेझरवर. पण एवढा फरक? पाव सेकंदाला जेमतेम कमी! मुलगा म्हणतो लेझरच बिघडलेला होता. ट्रॅक मागच्या वर्षी केला होता, यंदा सोडून सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांचा फुटबॉल) खेळायचं म्हणतोय.

सांगलीचे_अण्णा
मला या खेळातलं फार कळत नाही, पण आयुष्यभर कबड्डी खेळलो आणि शिकवली. आमच्याकडे चढाई करणारा पोरगा सरळ किती जोरात पळतो हे कुणी बघत नाही, पहिली दोन पावलं बघतात. तुमच्या मुलाच्या मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या आहेत का ते तपासा. पळण्याआधी अंग नीट गरम करतो का? जेवणात काय देता?

निशा_ह्यूस्टन
फ्रिस्कोकर, लेझर बिघडलेला नाही, हा फरक नेहमीचाच आहे. घड्याळ धरणारा माणूस मुलगा हललेला दिसल्यावर बटण दाबतो, म्हणजे सुरुवातीलाच उशीर. शेवटी मात्र रेषा समोर दिसत असते, तिथे अंदाजाने आधीच दाबलं जातं. दोन्ही चुका वेळ कमी करतात. अॅथलेटिक्समध्ये म्हणूनच हाताच्या १०० मीटर वेळेत ०.२४ मिळवून तुलना करतात. फॉर्टीला तोच आकडा जसाच्या तसा लावू नका, कारण तिथे बंदूक नसते, मुलगा स्वतःच्या मनाने सुटतो. पण तुमचा फरक ०.२३ आहे, म्हणजे आश्चर्य काहीच नाही. एनएफएलच्या कम्बाइनमध्येसुद्धा सुरुवात हातानेच होते, फक्त शेवट लेझरवर.
मागच्या वर्षीची १०० मीटरची वेळ किती होती? स्वयंचलित घड्याळाची हवी.

एडिसनचा_गणेश
डिव्हिजन थ्रीचा विचार करा. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण मार्क चांगले असतील तर शिक्षणाची मदत भरपूर मिळते. आयव्ही लीगमध्येही खेळाची शिष्यवृत्ती नाही, गरजेप्रमाणे मदत मिळते. एसएटी दिली का?

फ्रिस्कोकर
गणेशराव, अभ्यासाचं विचारलेलं नाही. निशाताई, एप्रिलच्या मीटमध्ये ११.०९. वाऱ्याचा आकडा निकालात +१.४ दिसतोय.

लाँगहॉर्न_पुणेकर
बघा, म्हटलं ना. मोठ्या विद्यापीठांना १०.६-१०.७ लागतो.

कोलंबसकर
आणि कूपर कप? शाळेतून निघताना ईस्टर्न वॉशिंग्टन आणि आयडाहो स्टेट, एवढ्याच ऑफर. कम्बाइनमध्ये ४.६२. २०२१ मध्ये त्यानेच एनएफएलमध्ये सर्वाधिक कॅच, रिसीव्हिंग यार्ड आणि रिसीव्हिंग टचडाउन काढले, वर सुपर बोलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). रिसीव्हर अँक्वान बोल्डिन ४.७१ धावला होता, तुमच्या मुलाचाच आकडा! पहिल्या वर्षी १०१ कॅच.
फ्रिस्कोकर, फिल्म (सामन्यांचा व्हिडिओ) कुठे आहे? आउटसाइड (कडेला) खेळतो की स्लॉट (आतल्या बाजूला)? कॉर्नर (त्याला अडवणारा बचावपटू) अंगावर आला की रिलीज कसा घेतो, म्हणजे सुटतो कसा? हे न बघता इथे सगळे सेकंदांच्या आकड्यांवरून भांडतायत.

निशा_ह्यूस्टन
११.०९ आणि +१.४ म्हणजे वारा नियमात बसतो, २.० पर्यंत चालतो. ही वेळ सार्वजनिक निकालात आहे, कोणताही कोच दोन मिनिटांत शोधेल. आणि ती ४.७१ शी जुळते, ४.४८ शी नाही. फॉर्मवर "४.७१, लेझर" आणि त्याखाली "१०० मीटर ११.०९" लिहा. शनिवारी तिथले कोच स्वतः मोजणारच आहेत. ४.४८ लिहून त्यांच्यासमोर ४.७० धावला तर बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.
ट्रॅक सोडू देऊ नका. माझी मुलगी ज्युनियर ते सीनियर या एका वर्षात बरीच पुढे गेली. सहा-एक उंचीचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा अजून भरायचाय.

एडिसनचा_गणेश
एक महत्त्वाचं राहिलं. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉलचं रोस्टर (संघातली खेळाडूसंख्या) १०५ वर थांबवावं लागतं. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या आणि वर वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय आलेले खेळाडू) कितीही. हंटर रेन्फ्रो क्लेम्सनमध्ये वॉक-ऑन म्हणूनच आला होता, आता तसा दरवाजा अरुंद झालाय. म्हणून एफसीएसच्या (डिव्हिजन वनमधला दुसरा गट) विद्यापीठांना आत्ताच ईमेल करायला लागा.

फ्रिस्कोकर
हे कामाचं आहे, गणेशराव. मुलाला धागा वाचून दाखवला. बोल्डिनवर थांबला आणि त्याची फिल्म शोधत बसलाय. फॉर्मवर ४.७१ लिहून पाठवला, प्रोफाइलवरचा ४.४८ काढला. अण्णा, शिरा खरंच आखडलेल्या आहेत, वाकला तर बोटं पायाला लागत नाहीत. कोलंबसकर, तो आउटसाइड खेळतो. फिल्मची लिंक व्यनि करतो. शनिवारी कशावर भर द्यायला सांगू?

कोलंबसकर
वन-ऑन-वनच्या (एकास एक सरावाच्या) रांगेत जास्तीत जास्त वेळा उभं राहू दे. कोच तिथेच उभे असतात. कमबॅक आणि डीप आउट (झटकन थांबून वळायचे रूट) धावू दे, दर वेळी गो रूट (सरळ पळत जाणं) नको.

लाँगहॉर्न_पुणेकर
यावर सहमत. पण एक तरी गो रूट धावू दे हो.