आधी दूध बंद करा

तुमचा लॅब्राडॉर कुत्रा दूध-पोळी खातो आणि रात्रभर खोलीत गॅस सोडून वास करतो म्हणालात ना, मग आधी ते दूधच बंद करा, पिल्लूपण सरलं की बऱ्याच कुत्र्यांना लॅक्टोज (दुधातली साखर) नीट पचत नाही. आमच्या ढोल्या कुत्र्याचं सेम होतं, त्यात हा पठ्ठ्या मिनिटभरात वाटी चाटूनपुसून मोकळा, म्हणजे अन्नाबरोबर हवा पण गिळायचा, शेवटी स्लो फीडर (हळू खायला लावणारी वाटी) आणला नि जेवण दोनदा विभागून दिलं तेव्हा कुठे सुटलो :) फूड बदलायचं तर ७-१० दिवस हळूहळू मिसळत बदला. वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी लसूण द्या लिहिलंय, अजिबात नको, कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी. आणि पोट टम्म फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येत असतील तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, तडक व्हेटकडे पळा.